मागची चाकं, बर्फ आणि काळी माती

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या संभाजीनगरात, एकाच दिवशी १५० मर्सिडीज विकल्या गेल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. गावातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकगठ्ठा खरेदी केली आणि शहराचं नाव देशभर झालं. त्यातल्या सेडान म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. तेव्हा चर्चा झाली किमतीची आणि सवलतीची. जूनमध्ये या गाड्या डांबरी सोडून शेताकडे वळल्या की काय होईल, हे फारसं कुणी विचारलं नाही. मी नोकरीपायी काही हिवाळे जर्मनीत, स्टुटगार्टच्या बाजूला काढले. तिथं याच जातीची गाडी बर्फात चालवली. परतल्यावर वाळूजला काम, कन्नड तालुक्यात शेती आणि बुडाखाली जुनी सी-क्लास. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण भिजलेली काळी माती मागच्या चाकांचे जे हाल करते ते बर्फापेक्षा फार वेगळे नाहीत.

१. मागच्या चाकांची गाडी निसरड्यावर चालतच नाही, हे मारुती ८०० नंतरच्या पिढीचं मत. १९८३ साली ती आली आणि पुढची चाकं गाडी ओढतात याची आपल्याला सवय झाली. त्याआधीची अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवरच चालायच्या, आणि आजची एस.टी. सुद्धा मागच्याच चाकांवर घाट चढते. स्टुटगार्टच्या विमानतळावर भर जानेवारीत पहाटे ई-क्लास टॅक्स्यांची रांग उभी असते. ते लोक बर्फ पडला म्हणून धंदा बंद ठेवत नाहीत. फरक आहे तो वजनाचा. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिनाचा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवरच बसतो. मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यूत तो पुढे-मागे जवळपास निम्मानिम्मा वाटलेला. कोरड्या रस्त्यावर याच वाटणीमुळे गाडी वळणात सुरेख बसते, आणि चिखलात याच वाटणीमुळे मागची चाकं हलकी पडतात. गंमत म्हणजे आपल्या शेंद्र्यात जोडल्या जाणाऱ्या स्कोडा आणि ऑडी पुढच्या नाहीतर चारही चाकांवर चालणाऱ्या. गावात बनतं एक आणि गाव मिरवतं दुसरंच.

२. पैसा घालायचा तर टायरमध्ये. ज्या वर्षी आपल्याकडे दीडशे मर्सिडीज आल्या, त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीनं बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरचा नियम कडक केला. लोक तर नियमाच्या आधीपासून ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब धरून टायर बदलतात. या टायरचं रबर थंडीत मऊ राहतं. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्यांत बर्फ अडकतो, आणि अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. मला तिथं कळलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की चांगल्या हिवाळी टायरची मागच्या चाकांची गाडी गुळगुळीत टायरच्या चारचाकी-ड्राइव्ह गाडीला बर्फात सहज मागे टाकते.

काळी माती नेमकं उलटं करते. ती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. नक्षीत भरली की निघत नाही. टायरचा गोल रूळ होऊन जातो आणि रूळ गाडीला पुढे नेत नाही. म्हणून हिवाळी टायर मागवण्याच्या भानगडीत पडू नका. एक तर चिखलात त्याच्या बारीक चिरा आधी बुजतात, आणि आपल्या मे महिन्यात ते मऊ रबर बघता बघता झिजतं. त्यापेक्षा नक्षी खोल ठेवा. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो. जर्मनीतला मोटार क्लब, एडीएसी, हिवाळ्यासाठी निदान ४ सांगतो. आपल्या पावसाळ्यालाही मी तोच आकडा लावतो. आणि टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो तो वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या महागड्या सेडान पोर्चमध्ये झाकून जास्त आणि रस्त्यावर कमी असतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर केव्हाच लाकडासारखं झालेलं असतं.

रुंद टायरचा शौकही इथे नडतो. खाली मुरमाचा थर असेल तर अरुंद टायर वरचा चिखल कापून त्याला टेकतो. रुंद टायर वरच तरंगत राहतो. सतरा-अठरा इंची अलॉय सिडको कॅनॉटला उभी छान दिसते. पिशोरच्या बाजूच्या पांदण रस्त्यावर तिचं काही चालत नाही.

३. रेस कमी. आमच्याकडे एस.टी.तून निवृत्त झालेले एक मामा गाडीवर होते. मी अडकलो की ते शेजारच्या सीटवरून पायाकडे बघत म्हणायचे, “भाऊ, तिला घाई करू नका. रेस सोडा, आपसूक निघंल.” जर्मनीत निसरड्या ट्रॅकवर शिकवणारा प्रशिक्षक दुसरं काही सांगत नव्हता, फक्त त्याची फी जबर होती. चाक जागेवर फिरायला लागलं की त्याखालची माती लोण्यासारखी होते आणि मग पुढचा प्रत्येक फेरा खड्डा खोल करतो.

जुन्या मर्सिडीजच्या ऑटोमॅटिक गिअरजवळ एस आणि डब्ल्यू असं बटण असायचं. डब्ल्यू हिवाळ्यासाठी. ते दाबलं की गाडी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये निघते, चाकांवर ताकद कमी जाते, घसरण टळते. पुढच्या मॉडेलांत डब्ल्यूच्या जागी सी आलं, काम तेच. संभाजीनगरातल्या बऱ्याच मालकांनी आयुष्यात ते दाबलेलं नाही. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याला लागण्याआधी ते दाबून बघा.

४. इलेक्ट्रॉनिक्सला मान द्या, पण त्याच्या भरवशावर निघू नका. एबीएस १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आलं. ईएसपी १९९५ मध्ये एस ६०० कूपेत आलं, आणि १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत छोटी ए-क्लास उलटल्यावर मर्सिडीजनं ते तिलाही बसवलं. गाडी फिरायला लागली की ईएसपी एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करतं, आणि ते खरोखर जीव वाचवतं. मात्र जमिनीत जेवढी पकड आहे तेवढीच ते वाटून देतं. नसलेली आणत नाही.

एका ठिकाणी तर ते आडवं येतं. खोल चिखलात चाक जरा घसरलं की यंत्रणा इंजिनाची ताकद काढून घेते आणि गाडी हुंदके देत जागच्या जागी बसते. खोल बर्फात आणि वाळूत ईएसपी बंद करा, असं मर्सिडीजच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. बटणातून किंवा मेन्यूतून बंद करा, बाहेर निघा, आणि डांबरीवर चाक लागताच पुन्हा चालू करा. ही शेवटची पायरी विसरणारे पुष्कळ. शेजाऱ्यानं चारचाकी-ड्राइव्ह घेतली म्हणून हिरमुसूही नका. ती चढाला लवकर निघते, हे खरं. थांबायच्या वेळी मात्र तिच्याही आणि तुमच्याही चारही चाकांना ब्रेक लागतो. तिथं तिला कसलाच जादा फायदा नाही.

५. खरी परीक्षा उतारावर. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना औट्रम घाट लागतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीत तिथं दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. दरड न कोसळता साधा पाऊस झाला तरी डोंगरावरून मातीचं पाणी वळणावर उतरतं आणि डांबरावर पातळ साय धरते. धुक्यात ती दिसत नाही. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. वळणात शिरल्यावर गिअर खाली टाकला किंवा पाय झटक्यात उचलला, की मागची चाकं एकदम अडखळतात आणि गाडी मागून झोकांडी खाते. जर्मनीतल्या श्वाबिश आल्बच्या डोंगरउतारावर बर्फात हेच होतं.

त्यामुळे गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर उतरवायचा. ब्रेकही तिथंच. वळणात पाय हलका पण टेकलेला, हात शांत. पुढे ट्रक असेल तर त्याच्या मागे मागे राहण्यात कमीपणा नाही. मर्सिडीजनं ट्रकच्या मागे राहायचं म्हणजे काय, असं वाटणारे लोक मी त्या घाटात पाहिलेत. तेच पुढच्या वळणावर कठड्याला खेटून उभे असतात.

पहिल्या पावसाचा घाट सगळ्यात वाईट. आठ महिन्यांचं तेल, रबर आणि धूळ पाण्यावर वर येतं. पाऊस धुऊन काढेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, चहाच्या टपरीवर बसावं.

६. मागची बाजू सुटलीच, तर ती ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टिअरिंग, नजर जायचंय तिकडे, ब्रेक नाही. आणि गाडी सावरू लागताच स्टिअरिंग तितक्याच लवकर परत. हे सगळे अर्धवट करतात आणि दुसरी झोकांडी पहिलीपेक्षा मोठी बसते.

७. बर्फाच्या मुलखात जुने लोक डिकीत वाळूची पोती टाकतात, मागची चाकं दाबून बसावीत म्हणून. आपल्याकडे गव्हाचं पोतं चालतं. जास्त मात्र नको: पुढचा भाग हलका झाला की स्टिअरिंग ऐकत नाही, आणि या गाड्यांचं पोट आधीच जमिनीला लागायच्या बेतात असतं.

८. रुतली तर उतरा. आधी बंपरखाली वाकून बघा; पोट मातीला टेकलं असेल तर रेस देऊन उपयोग नाही, फावडंच हवं. टेकलं नसेल तर चाकासमोरची माती काढा, चाकाच्या नक्षीतली काडीनं उकरा, आणि बांधावरच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या टाका. चाकापुढे निदान हातभर, आणि मागेही. पऱ्हाट्या मोडतात पण चिखलात बुडत नाहीत. बारदान असेल तर त्यावर. मग दुसऱ्या गिअरमध्ये, टेकवलेल्या पायानं. गाडीच्या पायातले मॅट टाकू नका. ते मागे उडतात आणि धक्का द्यायला उभ्या असलेल्या माणसाच्या नडगीवर बसतात.

टोचन लागलंच, तर साखळी ॲक्सलला नाही, हुकाला. हूक डिकीच्या तळाशी अवजारांत असतो आणि बंपरवरची छोटी टोपी काढून आट्यात फिरवायचा. मर्सिडीजमध्ये नेहमीच्या आट्याचा; स्कोडा-ऑडीत उलट्या आट्याचा, हे माहीत नसलं की दहा मिनिटं घाम फुटतो. गिअर न्यूट्रलला, ओढणं हळू आणि थोडंच अंतर, कारण इंजिन बंद असलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल फिरत नाही.

ओढायला येतो तो ट्रॅक्टरच. त्या दीडशे मर्सिडीजच्या वेळी पत्रकार पी. साईनाथांनी लिहिलं होतं की इथे मर्सिडीजला ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं आणि शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी १२ टक्के मोजावे लागतात. साखळी बांधून त्या ट्रॅक्टरच्या मागे न्यूट्रलमध्ये बसलं की हा मुद्दा फार स्पष्ट कळतो. डिझेलचे पैसे विचारून द्या. तो घेणार नाही, तरी द्या.

९. बर्फाच्या सगळ्यात जवळचं म्हणजे गारा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चपर्यंत मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं. गहू, हरभरा, मोसंबी भुईसपाट झाली आणि शिवारं पांढरी दिसायला लागली. अशा रस्त्यावर जर्मनीतला अनुभवही तोकडा पडतो. उणे दहाला बर्फ कोरडा, करकरीत असतो, टायर त्याला धरतो. शून्याच्या आसपास, वर पाण्याची फिल्म आली की खरा धोका. आपली गार पडते तीच तापलेल्या डांबरावर, म्हणजे पहिल्या मिनिटापासून वितळत, आणि वर गोट्यांसारखी गडगडत. अशा वेळी गाडी चालवायची युक्ती मला ठाऊक नाही आणि ती कुणी सांगितली तर ऐकूही नका. रस्त्याच्या पुरतं बाजूला, झाडाखाली नाही, धोक्याचे दिवे लावून उभं राहायचं. काचा फुटल्या तर फुटू द्या.

१०. घरी आल्यावर बाहेरून चकचकीत धुणारे पुष्कळ. चिखल रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पलीकडे बसलेला असतो आणि वाळल्यावर विटेसारखा होतो. दुसऱ्या दिवशी समृद्धीवर १२० च्या मर्यादेजवळ गेलं की गाडी थरथरते. लोक घाबरून बॅलन्सिंग करून घेतात, वजनं ठोकतात, आणि पुढच्या पावसात तो गोळा पडला की उलटी थरथर सुरू होते. वॉशिंगवाल्याला जॅक लावायला सांगा, चाक हातानं फिरवा, प्रेशरचा पाइप आतून मारा. बॅलन्सिंगचा विचार त्यानंतर.