इसबाची कीर्द

बदनावरच्या बाजारात कापूस, गहू, सोयाबीन यांचा व्यवहार करणाऱ्यांस कीर्दीचे महत्त्व सांगावयास नको. दिवसाचा जमाखर्च न लिहिता झोपी जाणारा दुकानदार विरळाच. तोच गृहस्थ घरातील जुनाट दुखण्याचा हिशेब मात्र स्मरणावर सोडतो. आम्हीही त्यांतलेच होतो.

आमच्या पुतण्यास लहानपणापासून इसब आहे. कोपराच्या आतील बाजूस व गुडघ्यामागे कातडी लाल होते, अनिवार खाज सुटते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. दबतो आणि पुन्हा उसळतो. इंदूरच्या डॉक्टरांनी विचारले, "गेला महिना कसा गेला?" आम्ही म्हणालो, "ठीकच." वहिनी गप्प राहिल्या, रात्री जागत होत्या त्या.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोबाईलवर नोंदीचे एक अ‍ॅप घेतले. त्यातील 'पोएम' ही प्रश्नावली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे तयार होऊन २००४ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न सात. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज सुटली, झोप मोडली, रक्त आले, लस वाहिली, भेगा पडल्या, पापुद्रे सुटले, कातडी कोरडी वा खरखरीत वाटली? एकही दिवस नसल्यास शून्य, एक-दोन दिवसांस १, तीन-चारांस २, पाच-सहांस ३, रोज असल्यास ४. बेरीज जास्तीत जास्त २८. आठपासून सोळापर्यंत रोग मध्यम, सतरापासून तीव्र समजतात. आमची पहिली बेरीज १९ आली. आमच्या 'ठीकच'ची खरी किंमत ती!

दोन महिन्यांची पाने चाळली तेव्हा दिसले की, कातडी बरी दिसताच साधे स्निग्ध मलम लावणे आम्ही सोडत होतो, आणि त्यानंतरच आकडा चढत होता. हंगामाच्या गर्दीत तर ते हटकून राही.

अ‍ॅप म्हणजे वैद्य नव्हे. नायटा कित्येकदा इसबासारखा दिसतो. त्यावर स्टेरॉइडचे मलम चोळल्यास खाज तात्पुरती शमते, पण नायटा फैलावतो. अशी चौदा मलमे सरकारने २०१८ मध्ये चिठ्ठीवाचून न विकण्याच्या यादीत घातली, ती उगाच नव्हे. शिवाय जे अ‍ॅप स्वतःचेच मलम विकते, त्याच्या सल्ल्याविषयी व्यापाऱ्यास अधिक काय सांगावे? तराजू आणि माल एकाच हाती! मुलाची छायाचित्रे कोठे साठविली जातात, हेही आधी पाहावे.

अशा साधनांचा लाभ बेताचाच. २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. नेहमीच्या उपचारास स्वतः काळजी घेण्यास शिकविणाऱ्या संकेतस्थळाची जोड दिली असता, चोवीस आठवड्यांत याच प्रश्नावलीच्या बेरजेत दीड ते दोन गुणांचा फरक पडला. तो वर्षभर टिकला.

आता दर रविवारी पुतण्या स्वतःच सात उत्तरे भरतो. गेल्या खेपेस ६ आले. झोपेच्या प्रश्नास त्याने शून्य लिहिले, आणि खरे का म्हणून वहिनींकडे पाहिले.