लपवलेला दात आणि भरलेला दात

दिवाळीच्या सुट्टीत मी जबलपूरला घरी गेलो होतो. बाबांची नेमणूक सध्या तिथे आहे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी जबलपूरची प्रसिद्ध खव्याची जिलेबी आणली. पहिला घास डाव्या बाजूला गेला आणि खालच्या दाढेतून थेट कानापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आले.

आईने विचारले, "कधीपासून दुखतंय?"

खरे सांगायचे तर जूनपासून. पीटीनंतर गार पाणी प्यायलो की दाढ शिवशिवायची. मी उजव्या बाजूने चावायला लागलो, पण कोणाला सांगितले नाही. वसतिगृहात ऐकले होते की दातात फिलिंग दिसले तर एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत बाहेर काढतात. ते खरे मानून मी पाच महिने गप्प राहिलो. आजीने दाढेखाली लवंग धरायला दिली. रात्र निभावली. सकाळी बाबा मला छावणीतील दंतचिकित्सकांकडे घेऊन गेले.

कीड म्हणजे काय?

तपासणाऱ्या मेजर मॅडमनी आधी एक्स-रे काढला आणि मग हिंदीतून सगळे समजावले. आपण 'दात किडला' म्हणतो, पण दातात किडा नसतो. तोंडातील जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. त्यांत 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा प्रमुख. दाताजवळचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. संगमरवरी फरशीवर लिंबाचा रस सांडून राहिला की तिची चकाकी जाते ना, तसेच हे. दोन्हींचे घटक वेगळे आहेत, पण आम्लापुढे दोन्ही हरतात.

इनॅमल हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात नसा नसतात, म्हणून सुरुवातीला काहीच दुखत नाही. पांढुरका डाग असेपर्यंत फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी कीड थांबू शकते. खड्डा पडला की मात्र तो आपोआप भरून येत नाही, कारण इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. पुढचा थर डेंटिनचा. तिथे कीड पोहोचली की गार आणि गोड झोंबते. त्याच्या आत पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा गाभा. तिथपर्यंत गेली की साधे फिलिंग चालत नाही, रूट कॅनाल करावे लागते. तेही शक्य नसेल तर दात काढावा लागतो.

माझी कीड डेंटिनमध्ये खोलवर गेली होती, पल्पच्या अगदी जवळ. मॅडम म्हणाल्या, "जूनमध्ये आला असतास तर दहा मिनिटांचं काम होतं. आणखी दोन महिने थांबला असतास तर दाढेची खात्री देता आली नसती." लवंगेबद्दल विचारले, तेव्हा त्या हसल्या. लवंगेतील युजेनॉलने दुखणे तात्पुरते बधिर होते, तात्पुरत्या फिलिंगमध्येही ते वापरतात. पण बधिर केल्याने कीड थांबत नाही.

दात कसा भरतात?

प्रथम हिरडीत इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला. सुई टोचल्याचे कळले, पुढे दुखले नाही. मग पाण्याचा फवारा असलेल्या ड्रिलने किडलेला भाग काढला. आवाज मोठा असतो. भीती त्या आवाजाचीच जास्त वाटते. खड्डा कोरडा करून त्यात फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद लावली आणि धुऊन टाकली. त्यामुळे इनॅमल सूक्ष्म खडबडीत होते व भरलेला पदार्थ घट्ट धरून ठेवते. ही युक्ती १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी मांडली. ज्या आम्लाने दात बिघडतो, त्याच जातीच्या वस्तूचा बेताने उपयोग करून तो दुरुस्त होतो, याची मला गंमत वाटली.

नंतर दाताच्या रंगाचा कंपोझिट पातळ थरांमध्ये भरला. प्रत्येक थरावर निळा प्रकाश टाकला की तो काही सेकंदांत कडक होतो. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे तपासले आणि घासून गुळगुळीत केले. दोन-तीन तास ओठ बधिर होता. चुकून तो चावला जाऊ नये म्हणून तोवर काही खाल्ले नाही.

बाबांच्या एका दाढेत 'चांदी' भरलेली आहे. ती खरे तर अमाल्गम. त्यात चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रणाबरोबर जवळजवळ निम्मा पारा असतो. ती टिकाऊ असते, पण पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि तिचा वापर कमी होत चालला आहे.

चौदा गुणांचा हिशेब

आता माझ्या मूळ भीतीकडे येतो. मी धीर करून विचारले, "मॅडम, आता मी अनफिट?" त्यांनी कागद घेऊन गणित मांडले. वैद्यकीय निकषात किमान १४ दंतगुण लागतात. वरचा आणि खालचा दात एकमेकांवर नीट बसत असतील तर त्या जोडीला गुण मिळतो. पुढचे दात आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला १, तर पहिल्या व दुसऱ्या दाढेच्या प्रत्येक जोडीला २. अक्कलदाढा सोडून सर्व दात असतील तर १८ गुण होतात. पहिली दाढ काढली तर तिची जोडी तुटते आणि उरतात १६. दुसऱ्या बाजूचीही गेली तर १४, म्हणजे अगदी काठावर. निकषात दात निरोगी किंवा दुरुस्त होण्याजोगे असावेत असे म्हटले आहे. म्हणजे भरलेला दात मोजला जातो, काढलेला दात मोजला जात नाही. ज्या भीतीने मी दाढ लपवली, त्या लपवण्यानेच माझे २ गुण जाणार होते.

हा नियम उगाच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो. किडलेल्या दातात किंवा सैल फिलिंगखाली हवा अडकलेली असेल तर ती प्रसरण पावते आणि असह्य कळा येतात. विमानात आणि उंच चौक्यांवर हे घडते. तिथे एक जवान दातामुळे आजारी पडला तर त्याचे काम इतरांवर पडते. आपल्या सैन्यात आर्मी डेंटल कोअर १ फेब्रुवारी १९४१ रोजी, महायुद्धाच्या काळात उभी राहिली. दात हा लढाऊ सज्जतेचा भाग आहे.

आपण काय करावे?

फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत, रात्रीचे तर चुकवूच नये. गोड खायचे तर जेवणाबरोबर खावे. दिवसभर थोडे थोडे चघळत राहिले की आम्ल पुन्हा पुन्हा तयार होते. फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागू शकते, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी करावी. आणि गार लागले की त्याच आठवड्यात सांगावे.

पाच महिने गप्प राहण्याला मी सहनशक्ती समजत होतो. ती सहनशक्ती नव्हती, भीती होती. रायफलमध्ये बिघाड दिसला की आपण लगेच कळवतो, तो लपवणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही. दाताचेही तसेच आहे. सुट्टी संपवून निघताना बाबांनी पुन्हा खव्याची जिलेबी आणली. या वेळी मी ती डाव्या बाजूने खाल्ली आणि लगेच उठून चूळ भरली.