मेलॅनिन : काळ्या रंगद्रव्याचे वैद्यकीय सामर्थ्य

त्वचा, केस व बुबुळ यांना काळसर रंग देणाऱ्या द्रव्यास मेलॅनिन म्हणतात. काळ्या वर्णाला उणे लेखण्याची रूढी आपल्याकडे जुनी आहे. विवाह जुळवितानाही ती डोके वर काढते. विज्ञान मात्र याच द्रव्याकडे रोगनिदानाचे व उपचाराचे साधन म्हणून पाहू लागले आहे. त्यामागील तत्त्व आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

मेलॅनिन प्रकाश शोषते आणि त्यातील बहुतेक ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करते. उन्हापासून त्वचेचे रक्षण होते ते यामुळेच. समुद्रातील माकूल संकटसमयी जी काळी शाई सोडते, तिच्यातही मेलॅनिनचे कण असतात. असे कण शाईतून वेगळे काढता येतात, तसेच प्रयोगशाळेतही घडविता येतात. त्यांचा आकार नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजतात.

शरीरातील या कणांवर लेसरचे क्षणिक झोत टाकले असता ते किंचित तापतात, भोवतालचा भाग प्रसरण पावतो आणि ध्वनिलहरी उमटतात. त्या टिपून आतील चित्र तयार करता येते. प्रकाशातून ध्वनी उमटण्याचा हा परिणाम अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये नोंदविला होता. मेलॅनिन लोहासारखे धातूही धरून ठेवते. त्यामुळे तेच कण एमआरआय चित्रणालाही उपयोगी पडतात. लेसर अधिक काळ दिल्यास कणांच्या उष्णतेने कर्करोगाच्या गाठीतील पेशी मरतात. म्हणजे रोग दाखविणारा कणच रोगावर उपचारही करू शकतो.

तथापि, दोन मर्यादा ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, हे संशोधन अद्याप मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांपुरते आहे. कण नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. म्हणून अशा नावाच्या जाहिरातीला भुलून कोणत्याही रुग्णाने चालू उपचार सोडू नयेत. दुसरी मर्यादा आपल्याशी अधिक निगडित आहे. गडद त्वचेतील मेलॅनिन बाहेरून टाकलेला प्रकाश वाटेतच शोषते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर गडद त्वचेवर कधी कधी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवते, त्याचेही हेच कारण आहे. प्रकाशावर चालणारी उपकरणे सर्व वर्णांच्या माणसांवर तपासली गेली नाहीत, तर त्यांचा लाभही सर्वांना सारखा मिळणार नाही.

याकरिता आपल्या घरांतील मुलामुलींनी केवळ रुग्ण म्हणून नव्हे, तर संशोधक म्हणून या प्रयोगशाळांत पोहोचले पाहिजे. भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांचा एकत्र अभ्यास ही त्याची पहिली पायरी होय. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्यांना या वाटेवर साथ द्यावी, अशी आमची विनंती आहे.