यसरिबची मदीना

अरबीत 'मदीना' म्हणजे शहर. बस, एवढंच. बेळगाव असो की इंदूर, अरबी माणसाच्या लेखी तीही मदीनाच. मग एका ठरावीक गावाचं नावच 'शहर' कसं पडलं?

या गावाचं जुनं नाव यसरिब. इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मुहंमद मक्केहून तिथे आले आणि लोक 'मदीनत-उन-नबी', म्हणजे 'नबीचं शहर' म्हणू लागले. पुढे रोजच्या बोलण्यात 'नबीचं' गळलं, 'शहर' उरलं. ('गावाला गेलोय' म्हटलं की घरच्यांना कुठलं गाव ते कळतं, तसंच काहीसं.) हा शब्द बायबल वाचणाऱ्यांनाही परका नाही. हिब्रूत 'मदीना' म्हणजे प्रांत. एस्तेरच्या पुस्तकात सुरुवातीलाच जे १२७ प्रांत येतात, तिथे मूळ शब्द हाच आहे.

कुराणात 'यसरिब' एकदाच येतं, ३३व्या सुरेच्या १३व्या आयतीत. ते कुणाच्या तोंडी आहे हे बघण्यासारखं आहे. शहराला वेढा पडलेला, आणि 'यसरिबच्या लोकांनो, इथे टिकाव लागणार नाही, मागे फिरा' असं सांगणारा एक गट बोलतोय. धीर सुटलेल्यांच्या तोंडी जुनं नाव! नवं नाव न स्वीकारणं म्हणजे नवं नातंही न स्वीकारणं, असं मला इथे दिसतं. गावांच्या नावांवरून आपल्याकडे वाद पेटतात, ते उगाच नाही.

हदीसमध्येही 'लोक यसरिब म्हणतात, पण ती मदीना आहे' अशा आशयाचं वचन आहे. भाष्यकार कारण देतात की 'यसरिब'च्या धातूत दोष देण्याचा अर्थ आहे. कुराणात यूसुफ (आपला योसेफ) भावांना क्षमा करताना 'आज तुमच्यावर ठपका नाही' म्हणतो, तो 'तसरीब' शब्द याच धातूचा. मला ही व्युत्पत्ती मागाहून जोडलेली वाटते. बाबिलोनचा राजा नबोनिदस याच्या इ. स. पूर्व सहाव्या शतकातल्या शिलालेखातही हे नाव सापडतं. इतक्या जुन्या नावाचा मूळ अर्थ कोण छातीठोकपणे सांगणार?

'ताबा' आणि 'तय्यबा' या नावांत शुद्ध, सुखद हा भाव आहे. 'दार-उल-हिजरा' म्हणजे स्थलांतराचं घर. इमाम मालिक यांना याच घराचे इमाम म्हणतात. 'मुनव्वरा'मधला 'नूर' तर मराठीतही आहे, चेहऱ्याचा नूर पालटतो तो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस समहूदी या इतिहासकाराने नव्वदहून जास्त नावं नोंदवली.

यसरिब मात्र पुसलं गेलं नाही. उर्दू कवितेत ते अजून भेटतं, आणि तिथे त्यात निंदेचा लवलेशही नसतो.