घरचं जेवण द्या, पण कॅल्शियमसकट

कन्नमवार नगर, टागोर नगर किंवा पार्कसाइट, विक्रोळीत कुठेही विचारा, घरच्या कुत्र्याला बहुतेक दूध-चपाती किंवा चिकन-भात मिळतो. 'डॉक्टर, रोज ताजं करून घालतो, तरी हा असा का?' असं पालक विचारतात. समोर टेबलावर चार महिन्यांचं पिल्लू असतं. त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात आणि उचललं की ते कळवळतं.

घरचं अन्न चांगलंच आहे. अडचण आहे ती त्यात राहून गेलेल्या गोष्टींची. दूध-चपातीत प्रथिनं कमी पडतात, शिवाय बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. चिकन-भातात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला.

दहा किलोच्या निरोगी, मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यासाठी दिवसभराचा अंदाज असा (वजनं शिजवल्यानंतरची):

• बिनहाडाचं चिकन १५० ग्रॅम
• भात २०० ग्रॅम
• दुधी, गाजर किंवा लाल भोपळा ५० ते ६० ग्रॅम
• तेल एक चहाचा चमचा
• अंड्याच्या कवचाची पूड पाव ते अर्धा चहाचा चमचा

पुडीसाठी कवचं उकळून वाळवा, तव्यावर भाजा, मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि चाळून घ्या. हे सगळं दोन वेळांत विभागून द्या. आठवड्यातून एक-दोनदा चिकनऐवजी काटे काढलेला उकडलेला बांगडा चालेल. एवढं करूनही जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. त्यासाठीचं पूरक औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या.

कुत्र्याचा वाटा फोडणी देण्याआधीच बाजूला काढा. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थ अजिबात नकोत. शिजलेल्या हाडांचे तुकडे टोकदार होऊन आतड्यात रुततात, तेही देऊ नका.

नवा आहार आठवडाभरात हळूहळू वाढवा आणि महिन्यातून एकदा वजन करा. पिल्लं, गाभण कुत्री, मूत्रपिंडाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांना वरचं प्रमाण लागू नाही. त्यांचा आहार आपल्या पशुवैद्याकडून किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमधून ठरवून घ्या. पिल्लू लंगडत असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.