निबंधातली गाय

मुलांनो,

मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गाला 'आमची गाय' हा निबंध दिला होता. वह्या तपासताना आधी हसू आले, मग वाईट वाटले. जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच गाय! चार पाय, दोन शिंगे, एक शेपूट, आणि 'गाय हा अत्यंत उपयुक्त पाळीव प्राणी आहे.' ही गाय कुणाच्या गोठ्यातली? गाईडातली. तुमच्यापैकी कुणाची गाय तांबडी आहे, कुणाची मारकी, कुणाची दोर तोडून कपाशीत शिरणारी. पण वहीत आल्यावर सगळ्या सारख्याच.

एका मुलीने मात्र तीनच वाक्ये लिहिली होती. "आमची गाय बाजारात इकली. त्या दिवशी माय जेवली नही. खुंटा अजून तसाच आहे."

मी काय केले? लाल शाईने 'इकली'चे 'विकली' केले, 'नही'चे 'नाही' केले. खाली शेरा मारला, 'गाईचे उपयोग लिहिले नाहीत.' दहापैकी तीन गुण. शुद्धलेखन सुधारणे हे माझे कामच आहे, पण तो खुंटा मला दिसला नाही. ही चूक माझी.

मोठ्या वर्गांत गेल्यावर तुम्ही 'लेखकाची शैली' हा शब्द ऐकाल. शैली म्हणजे लिहिण्याची ढब. अंधारात हाक मारली तरी आवाजावरून माणूस ओळखू येतो ना? तसे नाव झाकून वाचले तरी लिहिणारा ओळखू यावा. ही ढब जड शब्दांनी येत नाही.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात काम करताना त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातली माणसे ती कागदावर उतरवून घेत. पुढे सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्यात काय आहे? जाते, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा. जे रोज डोळ्यांसमोर होते तेच, आणि घरात बोलत त्याच बोलीत. कुणी ती बोली 'शुद्ध' करून छापली असती, तर बहिणाबाई त्यातून निघूनच गेल्या असत्या! आपल्याकडेही कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी लेवा बोली, सातपुड्याकडे पावरी. त्याची लाज कशाला?

दुसरे साने गुरुजी. ते कोकणातले, पालगडचे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढीत, स्वतःच्या हाताने लिहून. (आपले भित्तिपत्रक महिन्यातून एकदा निघते, तरी आपण दमतो.) समोर कोण वाचणार हे ठाऊक असले की माणूस भाषण ठोकत नाही, बोलतो. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत, कारण श्याम आपल्या मित्रांना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. वाचताना आपण त्या मुलांत जाऊन बसतो. रोज मुलांसाठी लिहून हात बसलेला होता, असे मला वाटते.

तुम्हीही तसेच करून पाहा. लिहिण्याआधी ती गोष्ट आजीला नाहीतर धाकट्या भावाला सांगा. तो ऐकता ऐकता उठून गेला, तर ते वाक्य गाईडातले समजा. सांगून झाल्यावर लिहा, शुद्धलेखन शेवटी तपासा. पुस्तके वाचू नका असे मी म्हणत नाही. भरपूर वाचा. पहिल्या पहिल्यांदा नक्कल होणारच. चालायला लागलेले पोर बापाचे बोट धरतेच की.

आता त्या मुलीचे सांगतो. मागच्या सोमवारी तिला म्हटले, "बेटा, तुझा तो निबंध भित्तिपत्रकासाठी लिहून दे." दुसऱ्या दिवशी तिने सुंदर अक्षरात पानभर लिहून आणले. चार पाय, दोन शिंगे, दूध, शेण, गोमूत्र. म्हणाली, "गुरुजी, आता उपयोग लिहिले."

माझ्याच्याने काही बोलवेना.

म्हणून या कागदाच्या उजवीकडे जागा कोरी सोडली आहे. तिने पहिली तीन वाक्ये द्यायची ठरवली, तर ती तिथे लागतील, 'इकली' आणि 'नही' यांच्यासकट. तोवर बाकीच्यांनी आपापल्या गोठ्यात एकदा जाऊन यावे.

— तुमचे गुरुजी