उपयोजित कलावंताची नजर आणि देवाचा प्रश्न : अरुण कोलटकरांच्या कवितेसंबंधी

अरुण कोलटकर यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी काव्यावर मराठीत जे आक्षेप घेतले गेले, त्यांतील सर्वांत टिकाऊ आक्षेप भालचंद्र नेमाडे यांचा आहे. भारतीयांच्या इंग्रजी लेखनाचा समाचार घेताना १९८०च्या दशकात नेमाड्यांनी असे म्हटले की, कोलटकर जेजुरीला जातात ते मुंबईहून सुट्टीपुरत्या आलेल्या पर्यटकाप्रमाणे. त्या क्षेत्राची परंपरा आणि तेथील भक्तांचे अंतरंग यांचा त्यांना स्पर्श होत नाही. हा आक्षेप बहुधा भाषेच्या अंगाने वाचला गेला आहे. इंग्रजीत लिहिले म्हणून दुरावा आला, असा त्याचा अर्थ लावला जातो. परंतु २०११मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर, ‘जेजुरी’ मराठीतही पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि तरीही आक्षेपाचा मूळ कणा जागच्या जागी राहिला. कारण तो भाषेचा नसून श्रद्धेचा आहे. खंडोबापुढे हात न जोडणाऱ्या माणसाला खंडोबाविषयी लिहिण्याचा अधिकार कितपत, हा त्यातील खरा प्रश्न होय.

कोलटकरांच्या चाहत्यांनी दिलेले उत्तर फारसे समाधानकारक नाही. ते म्हणतात, ही आधुनिक संशयवादी मनाची कविता आहे आणि तिचा उपरोध हेच तिचे बळ आहे. म्हणजे कवी अश्रद्ध आहे हे दोन्ही पक्षांना मान्यच असून मतभेद आहे तो केवळ त्या अश्रद्धेच्या मूल्याविषयी. वस्तुतः कोलटकरांनी स्वतः हे गृहीत नाकारले होते. देवावर विश्वास आहे का, या प्रश्नावर १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका मुलाखतीत त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, आपण तो प्रश्न आहे तिथेच राहू देतो. या किंवा त्या बाजूने भूमिका घेणे आपल्याला आवश्यक वाटत नाही. हे उत्तर अनेकांना टाळाटाळीचे वाटले. ते टाळाटाळीचे नव्हते, हे समजण्यासाठी मात्र कोलटकरांच्या चरित्रातील एका अशा बाजूकडे वळावे लागते की जिचा उल्लेख समीक्षक एका वाक्यात करतात आणि पुढे जातात. ती बाजू म्हणजे त्यांचा व्यवसाय.

१९३२ साली कोल्हापुरात जन्मलेल्या कोलटकरांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले, १९५७मध्ये पदविका मिळवली आणि पुढील अनेक वर्षे जाहिरातसंस्थांतून चित्रकार व कलादिग्दर्शक म्हणून काम केले. या क्षेत्रात ते हौशी नव्हते. जाहिरातकलावंतांच्या ‘कॅग’ या संस्थेचा पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि तिच्या मानकऱ्यांच्या कायम यादीतही त्यांचे नाव गेले. १९७६मध्ये आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्यासह त्यांनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींनीच चालवलेली प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा पुस्तकांच्या मुखपृष्ठांची व मांडणीची बाजू त्यांच्याकडे आली. ‘जेजुरी’ याच संस्थेचे पुस्तक. त्याला १९७७चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह काढला.

जाहिरातीच्या धंद्याची एक शिस्त असते. पानावर एक चित्र असते आणि त्याखाली एक ओळ असते. चित्र पाहून मन इकडेतिकडे भटकू नये, विक्रेत्याला हवे तेथेच ते थांबावे, यासाठी ती ओळ असते. चित्र अनेकार्थी असते. ओळ त्याला एकच अर्थ बहाल करते. ज्याने आयुष्यभर अशा ओळी आणि चित्रे एकमेकांना जुळवली, त्याला ती कोठे जुळत नाहीत हे इतरांपेक्षा आधी दिसणार. ‘जेजुरी’ची रचना बारकाईने पाहिली तर तेथे हेच घडताना आढळते. क्षेत्राच्या ठिकाणी ओळ पुरवणारा असतो पुजारी. तो दगडाकडे बोट दाखवतो आणि नाव सांगतो. एका ठेंगण्या, अंधाऱ्या देवळात पुजारी एका मूर्तीला अष्टभुजा म्हणतो. पाहुणा काडी ओढतो, हात मोजतो. ते अठरा भरतात. तो तसे म्हणतो, पुजारी आपले आठच धरून बसतो. कविता येथे वाद जिंकत नाही. पाहुणा बाहेर येऊन चारमिनार पेटवतो आणि समोर मुले दगडी कासवावर खेळत असतात.

ही कविता पुजाऱ्याची फजिती म्हणून वाचली जाते. परंतु आठ आणि अठरा यांतील फरक हा देव आहे की नाही यासंबंधीचा फरकच नव्हे. अठरा हात मोजणारा मनुष्य मूर्तीकडे पुजाऱ्यापेक्षा अधिक वेळ आणि अधिक निरखून पाहत आहे, इतकेच तेथे सिद्ध होते. पुजाऱ्याने ती मूर्ती पाहणे कधीच सोडून दिले आहे, कारण त्याच्याजवळ तिची ओळ आहे. परंपरेचा ज्याला स्पर्श नाही असा यात नेमका कोण, हा प्रश्न नेमाड्यांच्या आक्षेपाला उलटून विचारता येतो.

असा प्रकार या काव्यात वारंवार येतो, आणि दरवेळी तो पाहुण्याच्या बाजूनेच लागतो असेही नाही. उंबरठा समजून ज्यावर पाय द्यावा तो आडवा पडलेला खांब निघतो. मनोहर उघडे दार पाहून आणखी एक देऊळ म्हणून आत डोकावतो. समोर वासरू टकमका पाहत असते, तो गोठा असतो. मारुतीच्या पडक्या देवळात कुत्री आणि तिची पिले राहतात. एका बिजागरीवर लोंबणारे दार बहुधा केव्हाच निघून गेले असते, पण त्याच्या खांद्यावर कोणी चड्डी वाळत घातली आहे. या सर्व ठिकाणी नाव आधी येते, वस्तू मागून येते आणि दोहोंत फट पडते. त्या फटीत हसू आहे हे खरे. पण ते हसू तुच्छतेचे नाही. जेथे वासरू आहे तेथे देऊळ नाही, असे कवितेने कोठेही म्हटलेले नाही.

अपवाद सांगायला हवा. पुजारी बसची वाट पाहत पान चघळत बसला आहे, त्या कवितेत कोलटकरांच्या व्यवसायाची दुसरी, उथळ बाजू दिसते. मांजरासारखे हसणारी बस आणि तिच्या दातांत सापडलेला यात्रेकरू ही प्रतिमा चटकदार आहे, आणि म्हणूनच ती जाहिरातीच्या फार जवळची आहे. तेथे कवीने स्वतःच ओळ पुरवली आहे. नेमाड्यांचा आक्षेप या कवितेपुरता मान्य करण्यास हरकत नसावी. शिवाय पर्यटकपणाचा मुद्दा घटना म्हणून खराच आहे. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात भाऊ मकरंद आणि कवी मनोहर ओक यांच्यासमवेत कोलटकर जेजुरीला जाऊन आले होते. या दोघांची नावे कवितांच्या शीर्षकांतही आहेत. काव्य पहाटेच्या एस. टी.त सुरू होते आणि संध्याकाळी रेल्वेस्थानकावर संपते. कवीने आपला मुक्काम एका दिवसाचा होता हे लपवलेले नाही. पहिल्याच कवितेत समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात त्याला स्वतःचाच दुभंगलेला चेहरा दिसतो. म्हाताऱ्याच्या कपाळामागे काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि बसमधून उतरताना तो त्याच्या डोक्यात शिरण्याचा आव आणत नाही. भक्ताचे अंतरंग आपल्याला ठाऊक आहे असे भासवणे, हा खरा पर्यटकपणा ठरला असता.

या दृष्टीने ‘यशवंतराव’ ही कविता या काव्याच्या मध्यभागी ठेवावी लागते. मुख्य देवळाच्या बाहेर, फेरीवाले आणि महारोगी यांच्यात बसवलेला हा दुय्यम प्रतीचा देव. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोके नाही. तो काळ्या पत्थराचा नुसता फुगीर गोळा आहे. आणि काम काय, तर तुटलेले हातपाय सांधणे. इतर देव आत्मा मागतात, सोने मागतात, नाचायला लावतात. हा काही मागत नाही. खंडोबाच्या उपासनेचे अभ्यासक (रा. चिं. ढेरे यांचा ‘खंडोबा’ १९६१चा) जाणतात की, क्षेत्रातील प्रधान देवतेभोवती अशा आकारहीन, नवसाला पावणाऱ्या देवांचे एक दाट वलय असते आणि सामान्यांचा खरा व्यवहार पुष्कळदा त्यांच्याशीच असतो. कोलटकरांना हे वलय ग्रंथांतून नव्हे, तर डोळ्यांनी सापडले. ज्याला अवयवच नाहीत त्याने अवयव जोडून द्यावेत, यातील विसंगती त्यांनी विनोदासाठी पुरी वापरली. पण कवितेचा सूर शेवटी आदराचा होतो, आणि हा आदर मागून घेतलेला नाही.

कोलटकरांना प्रेरणा कोठून मिळाल्या, याविषयी त्यांनीच दिलेले एक उत्तर प्रसिद्ध आहे. आवडत्या लेखकांची नावे विचारली असता त्यांनी एक लांबलचक यादी दिली. तिच्यात ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम, चक्रधर, गोडसे भटजी, होनाजी, पठ्ठे बापूराव, बहिणाबाई चौधरी, मर्ढेकर ही नावे काफ्का, वांग वेई, आपोलिनेर, बॉब डिलन, मडी वॉटर्स, कुरोसावा, लॉरेल आणि हार्डी यांच्या मांडीला मांडी लावून बसली आहेत. (नेमाडेही तिच्यात आहेत, हे लक्षात घेण्यासारखे.) या यादीला क्रम नाही, वर्गवारी नाही. संत एका रकान्यात आणि विदूषक दुसऱ्यात, अशी मांडणी करणे ज्याच्या हातचा मळ होता, त्याने ती मुद्दाम केलेली नाही.

यादीतले एक नाव वाचकांना अपरिचित वाटेल : बळवंतबुवा. हे एक भजनगायक. त्यांच्या सहवासात कोलटकरांनी पुष्कळ काळ घालवला आणि त्यांच्या आयुष्यावरचे गद्यलेखन हाती घेतले, ते अपुरे राहिले. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाज शिकले. १९६०च्या दशकात तुकोबांच्या अभंगांची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाली. भजनाच्या परंपरेशी हा संबंध हाताचा, कानाचा आणि कष्टाचा आहे. दिंडीत न चालणारा परंतु पखवाजावर बोल घोटणारा मनुष्य श्रद्धावान की अश्रद्ध, हे ठरवण्याची मोजपट्टी आपल्या समीक्षेजवळ नाही. म्हणून तिने या गोष्टी चरित्रातील गमतीजमती म्हणून बाजूला ठेवल्या.

‘भिजकी वही’ (२००३) या संग्रहाचे नाव इंद्रायणीत बुडवल्या गेलेल्या तुकोबांच्या वहीची आठवण ठेवते. परंतु आख्यायिकेतील वही कोरडी वर येते, कोलटकरांची भिजलेली आहे. ती भिजली आहे ती बायकांच्या अश्रूंनी : अपाला, कन्नगी, हिपाशिया, रबिया, लैला, नादेज्दा. देशांचे आणि धर्मांचे कुंपण येथेही नाही. किम ही यातली एक : १९७२ साली व्हिएतनाममध्ये नापामने भाजून रस्त्यावरून धावत आलेली मुलगी, जिचे छायाचित्र जगभर छापले गेले. डोरा ही दुसरी : पिकासोच्या रडणाऱ्या स्त्रीच्या चित्रामागची डोरा मार, जी स्वतः छायाचित्रकार होती. या दोघी जगाला आधी चित्र म्हणून माहीत झाल्या आणि चित्रातच अडकून पडल्या. चित्राने एखाद्या माणसाचे काय होते, हे चित्रांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या कवीला सांगावे लागत नव्हते. जेजुरीतील दगडावर नाव चिकटवले जाते, येथे स्त्रीवर प्रतिमा चिकटवली जाते. दोन्ही ठिकाणी कविता तो चिकटवलेला कागद सोडवू पाहते. २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार या संग्रहाला मिळाला तेव्हा कवी हयात नव्हता. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्याचे निधन झाले होते.

त्याच वर्षी निघालेल्या इंग्रजी ‘काळा घोडा’ कवितांत हीच नजर मुंबईच्या एका चौकावर स्थिरावते. तेथील गावठी कुत्रा आपल्या अंगावरचे ठिपके म्हणजे सात बेटांच्या मुंबईचा जुना नकाशा आहे असे सांगतो, आणि आपले पितृकुळ युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याशी नेऊन भिडवतो. येथे पुराण आणि कातडी यांत फट उरलेली नाही. ‘जेजुरी’त ओळ आणि चित्र अलग करणारा कवी येथे ती पुन्हा जोडू शकतो, कारण आता ओळ पुजाऱ्याची नसून कुत्र्याची स्वतःची आहे.

‘जेजुरी’तील एकाच ठिकाणी कोलटकरांनी छापील पानाचा चित्र म्हणून उपयोग केला आहे. र. कृ. जोशी यांच्यासारख्या, जाहिरातक्षेत्रातूनच आलेल्या कवीने अक्षरालाच चित्र बनवण्याचे प्रयोग चिकाटीने केले; कोलटकरांनी मोह आवरला. म्हणून हे एक ठिकाण मोलाचे आहे. पाहुणा देवस्थान सोडून स्थानकाकडे निघाला आहे. मागे पडलेल्या गोष्टींचा हिशेब कविता करते : त्रेसष्ट पुजारी, त्यांची त्रेसष्ट घरे, तीनशे खांब, पाचशे पायऱ्या, अठरा कमानी. जमाखर्चाच्या वहीसारखी ही ओळीओळींची मांडणी सरळ उतरत येते. मग चौसष्टावे, मुरळीचे घर लागते. आणि पुढे ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या सुगीचा नाच केल्यासारख्या उड्या मारताना दिसतात. येथे ओळी मोडतात. वर आणि खाली हे अर्थ सांगणारे इंग्रजी शब्द पानभर विखुरले जातात, पाखरांबरोबर उडतात आणि खाली येतात. वाचकाच्या डोळ्यालाही तीच कवायत करावी लागते. मोजता येण्याजोगे सर्व मोजून झाल्यावर जे मोजता आले नाही, त्याच्यापुढे पाहुणा वाटेत थबकला आहे. एका बाजूला जेजुरी आहे, दुसऱ्या बाजूला रेल्वेस्थानक, आणि गाडीची वेळ झाली असावी. पण तो हललेला नाही.